अंगणातल्या पाखरांचे फोटो, त्यांना न उडवता

माझ्या पहिल्या महिन्याभराच्या फोटोंत एकच विषय पुन्हा पुन्हा येतो: हलणारी रिकामी फांदी. बुलबुलाची फांदी, दयाळाची फांदी, साळुंकीची फांदी, सगळ्या होत्या माझ्याकडे. पक्षी तेवढे नव्हते. मला वाटायचं लेन्स कमी पडते. मग घरातल्या कुणीतरी खिडकीतून माझाच व्हिडिओ काढला. गुडघे वाकवलेले, नजर दयाळावर खिळलेली, एकेक पाऊल दबकत, नाकासमोर सरळ. अगदी शिकारीला निघालेला बोका. दयाळ उडून गेला तो शहाणपणानंच.

तेव्हापासून लपूनछपून जाण्याचा नाद सोडला. पाखरापासून लपणं तसंही जवळजवळ अशक्य आहे. जमण्यासारखी गोष्ट एकच: त्याच्या लेखी आपण कुंडीइतके, दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांइतके बिनमहत्त्वाचे व्हायचं. त्याला दोनेक आठवडे लागतात आणि त्यातला बराच काळ कॅमेरा हातात नसतो. घाई असेल तर हा लेख तुमच्या फारसा कामाचा नाही.

आधी, समोरच्याला काय दिसतं ते

चिमणी, होला, कबुतर यांचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. कबुतराला मान न वळवता ३०० अंशांहून जास्त परिसर दिसतो. म्हणजे ते पाठमोरं असताना तुम्ही पुढे सरकलात तरी त्याला कळलेलंच असतं. शिवाय छोट्या पक्ष्यांची नजर विलक्षण चपळ असते. माणसाला सेकंदाला साधारण साठ वेळा लुकलुकणारा दिवा स्थिर जळताना दिसतो. काही छोटे पक्षी सेकंदाला शंभराहून जास्त लुकलुका वेगवेगळ्या ओळखतात. त्यामुळे ‘पटकन कॅमेरा वर घेतला, त्याच्या लक्षात येणार नाही’ हा विचार सोडून द्या. त्याच्या दृष्टीनं तुमचं पटकन बरंच सावकाश असतं.

रंगाची काळजी नवशिके गरजेपेक्षा जास्त करतात. पांढराशुभ्र किंवा भडक शर्ट टाळा, मळकट हिरवा-तपकिरी घाला, एवढं पुरे. शिकाऱ्यासारखे ठिपक्यांचे कपडे घालून हात हलवत बसलेल्या माणसापेक्षा लाल शर्टातला स्थिर माणूस पाखरांना परवडतो. हालतात ते हात आणि चेहरा. झाकायचंच असेल तर तेच झाका.

आता एक उपयोगी गोष्ट. प्रत्येक पक्ष्याभोवती दोन अदृश्य वर्तुळं असतात असं समजा. बाहेरच्या वर्तुळात तुमचं पाऊल पडलं की तो सावध होतो, आतल्या वर्तुळात पडलं की उडतो. तुमचं काम या दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात चालतं, आणि खरं तर बाहेरच्या रेषेच्याही बाहेर बसलात तर उत्तम, कारण सावध झालेल्या पक्ष्याचा फोटो सावध झालेल्या पक्ष्यासारखाच दिसतो. ही रेषा ओलांडल्याच्या खुणा शिकून घ्या. खाणं थांबतं. मान ताठ होते. पिसं अंगाला चिकटून पाखरू अचानक बारीक दिसू लागतं. दयाळ, शिंपी असे पक्षी शेपटीला झटके देऊ लागतात. हुंकारासारखा किंवा ‘चक् चक्’ असा एकसुरी इशारा सुरू होतो. यातलं काहीही दिसलं की जिथे आहात तिथेच थांबा, नजर खाली घ्या, मिनिटभर हालू नका. पुन्हा खायला लागलं तर ठीक, नाही तर एक पाऊल मागे. आणि उडण्याच्या आधी बऱ्याचदा पाखरू शीट टाकतं. अनुभवी मंडळी ती पडताना दिसली की बोट शटरवर तयार ठेवतात.

पहिला आठवडा: कॅमेरा कपाटात

अंगणात, गच्चीवर, बाल्कनीत, जिथे पक्षी येतात तिथे एक खुर्ची ठेवा आणि ती हलवू नका. रोज एकाच वेळी, शक्यतो सूर्योदयानंतरच्या दोन तासांत, अर्धा तास तिच्यात बसा. पुस्तक वाचा, चहा घ्या, काहीही करा, फक्त पाखरांकडे टक लावून पाहू नका. समोरून रोखलेले दोन डोळे ही शिकाऱ्याची खूण आहे आणि ती त्यांना चांगली कळते. कडेनं बघायची सवय लावून घ्या.

एक वही ठेवा. त्यात काय लिहायचं? कोण आलं ते तर लिहालच, पण जास्त महत्त्वाचं म्हणजे कुठून आलं. पाखरू थेट पाण्यावर किंवा दाण्यावर क्वचितच उतरतं. आधी उंचावरच्या एका फांदीवर थांबून खाली बघतं, मग दुसऱ्या खालच्या जागेवर येतं, मग उतरतं. हे थांबे जवळजवळ ठरलेले असतात. आठवड्याभरात तुमच्या लक्षात येईल की बुलबुलाची जोडी नेहमी एकाच बाजूनं येते, साळुंक्या आधी कुंपणावर भांडतात आणि मग येतात, सातभाई आले की बाकीचे बाजूला होतात. या नोंदीतूनच पुढे फांदी कुठे रोवायची, खुर्ची कुठे सरकवायची, सगळं ठरतं. मी हा आठवडा दोनदा टाळून पाहिला. दोन्ही वेळा चुकीच्या जागी पाणी ठेवलं.

पाखरं तुम्हाला ओळखतात ही अतिशयोक्ती समजू नका. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठातले जॉन मार्झलफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये एक ठरावीक मुखवटा घालून काही कावळे पकडले आणि सोडून दिले. पुढे कितीतरी वर्षं तो मुखवटा घालून कुणीही परिसरात फिरलं की कावळे ओरडून अंगावर येत. पकडले न गेलेले कावळेही त्यात सामील होत. तेव्हा पहिल्या दिवशी टोपी घातली असेल तर दुसऱ्या दिवशीही घाला. एकच वेळ, एकच वाट, एकच टोपी. कंटाळवाणं होणं हाच इथे गुण आहे.

चौथ्या-पाचव्या दिवशी मांडीवर कॅमेऱ्याच्या आकाराचं काहीतरी ठेवा. एखादा काळा डबा चालेल. अधूनमधून तो सावकाश तोंडापर्यंत न्या आणि खाली आणा. हसू येईल, पण काळं मोठं नळकांडं अचानक आपल्याकडे वळलं की पाखरं उडतात, आणि ही भीती फोटोच्या आधीच संपवलेली बरी.

पाणी ठेवा, दाण्याची घाई नको

दाणे टाकून पाखरं बोलावणं सोपं आहे, पण दाण्याला ठरावीक गिऱ्हाईकं येतात: चिमण्या, होले, आणि सगळ्यात आधी कबुतरं. कबुतरांची फौज बसली की बाकी कुणी फिरकत नाही. पाणी मात्र सगळ्यांना लागतं. कीटक खाणारे, मध पिणारे, फळं खाणारे, जे दाण्याकडे ढुंकूनही बघत नाहीत तेही पाण्यावर येतात. शिवाय पाण्यावरचं पाखरू पितं, अंघोळ करतं, पंख फडफडवतं, नंतर उन्हात बसून चोचीनं पिसं विंचरतं. फोटोला यापेक्षा जास्त काय हवं?

भांडं उथळ हवं. काठाशी दोन सेंटीमीटर आणि मध्ये फार तर पाच, याहून खोल नको. तळ खरखरीत असावा. गुळगुळीत चिनी मातीच्या भांड्यात पाय घसरतात, मग पाखरू काठावरूनच घोट घेऊन जातं. मध्ये एक चपटा दगड ठेवा, छोट्यांना पाय टेकायला बरा. थेंब थेंब पाणी पडण्याची सोय केलीत, म्हणजे वर टांगलेल्या बाटलीला बारीक भोक, तर आवाजानं नि हलत्या पाण्यानं पाखरं लवकर येतात.

जागेचं गणित नीट सोडवा. भांडं झुडपाला अगदी खेटून ठेवलं तर आत मांजर दबा धरून बसतं. अगदी उघड्यावर ठेवलं तर पाखरांना उडून जायला आडोसा उरत नाही, ती येतच नाहीत. झुडपापासून दोन-तीन मीटर हे अंतर मला पटलेलं आहे. काचेची मोठी खिडकी जवळ असेल तर आणखी एक पथ्य: भांडं काचेपासून एक मीटरच्या आत ठेवा किंवा नऊ-दहा मीटर लांब. मधल्या अंतरावरून घाबरून उडालेलं पाखरू पूर्ण वेगात काचेवर आपटतं. एक मीटरच्या आतून निघालं तर वेग घ्यायला जागाच नसते.

पाणी रोज बदला. भांडं दर दोन-तीन दिवसांनी ब्रशनं घासा आणि साबणाचा अंश राहू देऊ नका. डासाची अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, त्यामुळे रोजच्या बदलानं तोही प्रश्न सुटतो. एखादं पाखरू पिसं फुगवून, डोळे मिटून भांड्याशी सुस्त बसलेलं दिसलं, तर ते आजारी असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी फोटो विसरा. पाणी-दाणा दोन आठवडे काढून टाका, म्हणजे पाखरं पांगतील आणि एकाच भांड्यातून रोग पसरणार नाही.

थांब्याची फांदी

नवशिक्या आणि मुरलेल्या माणसाच्या फोटोत जो फरक दिसतो तो निम्मा या फांदीत असतो. प्लास्टिकच्या भांड्याच्या काठावर बसलेलं पाखरू कितीही सुंदर असलं तरी फोटो भांड्याचाच निघतो. म्हणून पाण्यापासून हातभर अंतरावर, पाखरं ज्या बाजूनं येतात त्या बाजूला, एक सुकी पण देखणी फांदी रोवा. कुंडीत माती ठोकून भरली तरी चालते. फांदी अंगठ्याएवढी किंवा त्याहून बारीक हवी, कारण जाड ओंडक्यावर पाय झाकले जातात. एक-दोनच टोकं ठेवा. जास्त फाटे असले की पाखरू नेमकं तुमच्या विरुद्ध टोकाला बसतं, हे इतक्यांदा झालंय की मी आता नको असलेले फाटे सरळ कापून टाकतो. फांदी तुमच्या नजरेच्या रेषेला आडवी असावी, म्हणजे पाखरू बहुधा कडेनं दिसतं आणि अख्खं फोकसमध्ये राहतं.

मागे काय आहे? हा प्रश्न फांदी रोवण्याआधी विचारा. झाडीची भिंत फांदीच्या मागे निदान तीन-चार मीटर दूर असेल तर ती फोटोत मऊ हिरवी होऊन विरघळते. फांदीला चिकटून असेल तर प्रत्येक पान आपापलं अस्तित्व दाखवतं. मागून टाकी, तारा, वाळत घातलेली चादर डोकावत असेल तर खुर्ची हातभर सरकवून बघा. बऱ्याचदा तेवढ्यानं काम होतं.

कुठे बसायचं

सगळ्यात सोपं लपण म्हणजे घर. उघड्या खिडकीच्या आत दोन पावलं मागे, अंधारात बसा. खिडकीत डोकं बाहेर काढून बसलात तर पाखराला उजेडात हलणारं डोकं दिसतं. आत मागे सरकलात तर नुसता काळा चौकोन. पडद्याला लेन्सपुरती फट ठेवली तर आणखी बरं. काचेतून काढायचंच असेल तर काच दोन्ही बाजूंनी पुसा, खोलीतले दिवे बंद करा, लेन्सचं हूड काचेला टेकवा आणि काचेला काटकोनात राहा. तिरकं काढलं की फोटो पाण्यात बुडाल्यासारखा येतो.

बाहेर बसायचं तर मळकट चादर किंवा जाळीचं कापड दोन काठ्यांवर टाकून, त्याला लेन्सपुरतं भोक पाडून आडोसा करा. तो एकदम उभा करू नका. पहिल्या दिवशी लांब ठेवा, रोज थोडा जवळ आणा. कापड वाऱ्यानं फडफडत असेल तर त्याचा काही उपयोग नाही, कोपरे दगडानं दाबा. लपणासाठी लोकांनी काय काय केलंय! इंग्लंडमधल्या रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांनी, पक्ष्यांचे फोटो काढणं ही गोष्टच नवी होती त्या काळात, सांगाड्यावर बैलाचं कातडं चढवून पोकळ बैल बनवला होता आणि त्याच्या पोटात बसून ते फोटो काढत. तुम्हाला चादर पुरेल.

पाखरं बघत असताना लपणात शिरावं लागलं तर एक जुनी युक्ती आहे. दोघांनी जायचं आणि एकानं परत यायचं. ‘माणूस गेला’ एवढंच बहुतेक पाखरांच्या लक्षात राहतं. कावळ्यांवर मात्र माझा हा डाव एकदाही चाललेला नाही.

उंची विसरू नका. पाखराच्या डोळ्याच्या पातळीला लेन्स आली की फोटो त्याच्या जगातला वाटतो. वरून काढलेला फोटो म्हणजे पाठीचा दाखला. जमिनीवर टिपणाऱ्या होल्यासाठी जमिनीवर बसा, झोपा. फायदा दुहेरी आहे: बसलेला माणूस उभ्या माणसापेक्षा लहान आणि कमी धोक्याचा दिसतो.

कॅमेऱ्याचं थोडं गणित

कुठली लेन्स घेऊ, हा सगळ्यांचा पहिला प्रश्न, आणि मी तो मुद्दाम इतक्या उशिरा घेतोय. साधा हिशेब असा: पक्ष्याची लांबी गुणिले फोकल लेंग्थ (लेन्सवर लिहिलेला मिमीचा आकडा), भागिले अंतर, म्हणजे सेन्सरवरची, कॅमेऱ्यातल्या फोटो टिपणाऱ्या पट्टीवरची, प्रतिमा. चिमणी साधारण १५ सेंटीमीटर. ४०० मिमी लेन्सनं चार मीटरवरून ती सेन्सरवर १५ मिमी येते. क्रॉप सेन्सर, म्हणजे बऱ्याच कॅमेऱ्यांत असतो तो थोडा लहान सेन्सर, साडेतेवीस मिमीच्या आसपास रुंद असतो, म्हणजे फ्रेमचा जवळपास दोन-तृतीयांश भाग भरला. आठ मीटरवरून तीच चिमणी निम्मी. पण ३०० मिमीची साधी लेन्स तीन मीटरवर आणलीत तर पुन्हा तेच १५ मिमी. थोडक्यात, पाखरानं तुम्हाला मीटरभर जवळ येऊ दिलं तर लेन्सवरचा मोठा खर्च वाचतो. फक्त तुमची लेन्स किती जवळचं फोकस करू शकते ते तपासा. १५०-६०० मिमीसारख्या मोठ्या झूमना साधारण दोन ते तीन मीटर तरी अंतर लागतं, त्याच्या आत त्या फोकसच धरत नाहीत.

सेटिंग्ज नव्या माणसासाठी अशा ठेवा. शटर प्रायोरिटी (शटरचा वेग तुम्ही ठरवायचा) किंवा मॅन्युअल मोड, आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ऑटो. शांत बसलेल्या पाखराला १/५०० सेकंद, मान हलवत टिपणाऱ्याला १/१०००, अंघोळीला आणि उडताना १/२००० किंवा जास्त. अंघोळीत पाण्याचे थेंब हवेत गोठलेले हवेत तर वेग वाढवा. फडफडणारे पंख धूसर दिसायला हवे असतील तर एकदा १/६० करून बघा, दहातला एखादा फोटो झकास निघतो. आयएसओ वाढला म्हणून रवाळपणा येतो, तो नंतर कमी करता येतो. हललेला फोटो कशानंही सुधारत नाही. आयएसओला घाबरून शटर कमी करणं ही मी सर्वांत जास्त पाहिलेली चूक आहे.

ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक, उघडं ठेवायचा मोह होतो, पण एवढ्या जवळून पुढे-मागे फार थोडा भाग फोकसमध्ये येतो. ४०० मिमी, एफ ५.६, चार मीटर: फोकसमध्ये जेमतेम दोन सेंटीमीटर. डोळा टोकदार आला तर शेपूट गेली. म्हणून उजेड असेल तर भोक लहान करत एफ ८ पर्यंत जा (एफचा आकडा मोठा तितकं भोक लहान). फोकस सतत चालू राहणाऱ्या मोडवर आणि एकाच बिंदूवर, डोळ्यावर. तुमच्या कॅमेऱ्यात पक्ष्याचा डोळा ओळखायची सोय असेल तर ती वापरा, त्यात कमीपणा काही नाही.

आवाज बंद करा. फोकसचा ‘पीप’, फोकससाठी लागणारा लाल-नारिंगी दिवा, स्क्रीनवर आपोआप येणारा फोटो, तिन्ही बंद. फ्लॅश बंदच ठेवा. इलेक्ट्रॉनिक शटर पूर्ण मुका असतो आणि बसलेल्या पाखरासाठी उत्तम, पण बऱ्याच कॅमेऱ्यांत त्यानं उडत्या पंखांना विचित्र बाक येतो. तेव्हा उडताना मेकॅनिकल शटर.

फक्त फोन असेल तर? झूम करून पिक्सेल ताणू नका. फोनच पाखराजवळ ठेवा आणि तुम्ही लांब जा. फांदीपासून अर्ध्या-एक मीटरवर छोट्या स्टँडवर फोन लावा, पानांनी थोडा झाका, दोन-तीन दिवस तिथे रिकामं खोकं ठेवून पाखरांना सवय करून द्या आणि ब्लूटूथ रिमोटनं आतून फोटो काढा. अशा पद्धतीनं काढलेले काही फोटो माझ्या मोठ्या लेन्सच्या फोटोंपेक्षा सरस आलेत, हे कबूल करायला मला आवडत नाही.

उजेड

सूर्य तुमच्या पाठीशी, तुमची सावली पाखराच्या दिशेनं, ही सुरुवातीची सोपी आज्ञा. सकाळच्या तिरप्या उन्हात डोळ्यात उजेडाचा ठिपका येतो आणि पाखरू जिवंत वाटतं. तो ठिपका नसेल तर पेंढा भरल्यासारखं दिसतं. भर दुपारी डोळ्यांखाली काळोख पडतो, तेव्हा झोप काढा. पांढुरके ढग असलेला दिवस मात्र दिवसभर चालतो.

शिंजीराच्या नरासाठी उजेडाची दिशा सर्वस्व आहे. त्याचा जांभळा-निळा झगमगाट पिसांमधल्या अतिसूक्ष्म थरांवरून उजेड परतण्यानं होतो. कोन जुळला तर झळाळी, नाही तर काळाकुट्ट पक्षी. तो डोकं वळवताना चार-पाच फोटो सलग घ्या, त्यातल्या एकात रंग पेटतो.

कॅमेरा सगळ्या दृश्याला सरासरी करड्या रंगात बसवू बघतो, त्यामुळे त्याला मदत लागते. उजळ आकाशासमोर बसलेलं पाखरू काळं पडतं, तेव्हा एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, एक पायरी वाढवा. फ्रेमभर कावळा असेल तर तो राखाडी होतो, कमी करा. गर्द झाडीसमोरचा छोटा पांढरा पक्षी जळून पांढरा डाग होतो, तिथेही कमी करा.

प्रत्यक्ष फोटोची सकाळ

पाखरं यायच्या आधी जाऊन बसा. पाणी भरा, रिकाम्या फांदीवर एक चाचणी फोटो काढा, लेन्स फांदीच्या टोकावर रोखून फोकस करून ठेवा. म्हणजे पाखरू आल्यावर लेन्स फिरवावी लागत नाही, नुसतं बोट हलतं. ट्रायपॉड असेल तर त्याचा मुख्य उपयोग हाच आहे. हात दुखला की माणूस हालतो.

पहिलं पाखरू उतरलं की फोटो काढू नका. खरंच. त्याला पिऊन जाऊ द्या. दुसऱ्या फेरीला एकच फोटो काढा आणि बघा. मान वर झाली? थांबा. काही फरक पडला नाही? आणखी दोन. सुरुवातीलाच सेकंदाला दहा फोटोंचा भडिमार केला की ते दिवसभर परतत नाही. तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर शटरचा आवाज त्याच्या लेखी अंगणातल्या इतर आवाजांपैकी एक होतो, मग हवं ते करा. फोटो काढल्यावर लगेच स्क्रीनकडे डोकं खाली घालू नका, नेमकं तेव्हाच ते पंख पसरतं.

जवळ सरकावंच लागलं तर थेट त्याच्या रोखानं जाऊ नका. तिरकं, नागमोडी, दुसरीकडेच काम असल्यासारखं, मध्ये थांबत जा. ते खात असताना सरका, बघत असताना थांबा. आणि त्याच्या सुटकेची वाट, म्हणजे ज्या झुडपाकडे ते उडून जातं ती बाजू, कधी अडवू नका. वाट मोकळी असली की पाखरं आश्चर्य वाटावं इतकी धीट होतात.

घरटं दिसलं तर

तिथे फोटो काढू नका. यात नवशिक्यांसाठी पोटनियम नाहीत. माणसाचा वास लागला म्हणून आई-बाप पिल्लं टाकतात ही समजूत बहुतांशी चुकीची आहे. खरा धोका वेगळा आहे. तुम्ही घरट्यापाशी घुटमळलात की आई-बाप लांब राहतात, अंडी गार पडतात किंवा उन्हात तापतात. तुम्ही बाजूला केलेल्या दोन पानांच्या फटीतून कावळ्याला आत दिसतं. चोचीत अळी धरून एखादं पाखरू फांदीवर नुसतंच बसलंय, इकडे तिकडे बघतंय, जात नाही, असं दिसलं तर समजा घरटं जवळ आहे आणि तुम्ही वाटेत आहात. लगेच उठा आणि लांब जा.

धोका माणसालाही असतो. एरिक हॉस्किंग हे ब्रिटनमधले नामवंत पक्षी छायाचित्रकार. १९३७ मध्ये घरट्याजवळच्या लपणाकडे जाताना टॉनी आऊल जातीच्या घुबडानं झेप घेतली आणि त्यांचा डावा डोळा गेला.

मोबाइलवर पक्ष्याची हाक वाजवून त्याला जवळ बोलावणंही याच रांगेतलं. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून तो खाणं, राखण सोडून धावत येतो आणि न दिसणाऱ्या शत्रूशी भांडत दमतो. त्या फोटोत जो आवेश दिसतो तो याचाच.

उठताना

फोटो निवडताना डोळा टोकदार नसलेला प्रत्येक फोटो उडवा, पिसं कितीही छान असोत. सुरुवातीला शंभरात दोन-तीन राहतील, ते ठीक आहे. उडवण्याआधी त्यातले सावध मान वर केलेले किती आणि आपल्या कामात गुंतलेले किती एवढं वहीत लिहा. दुसरा आकडा वाढायला लागला की लेन्स न बदलताही तुमचे फोटो सुधारतायत.

आणि जागेवरून उठायचं ते पाखरं समोर नसताना. सगळं सामान झाकून घ्या, अंगण मोकळं व्हायची वाट बघा, मगच उभे राहा. खुर्चीतून एकाएकी माणूस उगवताना त्यांनी एकदा पाहिलं की ती खुर्ची पुढचे तीन-चार दिवस बदनाम होते. जाताना भांड्यात पाणी भरा, कारण अंघोळीनंतर त्यात फारसं उरलेलं नसतं आणि दुपारची गिऱ्हाईकं अजून यायची असतात.